चावी भटूकडे होती

भटू बडगुजरला चोर म्हणणारा पहिला माणूस मी. पुढे सुरतेतल्या आमच्या लिंबायत वस्तीत बऱ्याच जणांनी त्याला तसं म्हटलं, पण सुरुवात माझ्या तोंडून झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही दोघं सुरतच्या एका कॉमर्स कॉलेजात दाखल झालो. सकाळची पाळी, शिकवणं गुजरातीत. वर्गात खानदेशी पोरं आम्ही दोघंच. माझे वडील शिंदखेड्याकडून आलेले, लूमवर कामाला. भटूचे वडीलही लूमवरच होते, पण तो नववीत असताना गेले. आई सुभद्राबाई चिंध्यांच्या गोधड्या शिवून घर चालवायची. दोघांच्या खोल्यांमध्ये चार गल्ल्यांचं अंतर होतं. वर्गात मात्र मी त्याच्यापासून जमेल तेवढा लांब बसायचो.

त्याला कारण त्याचा शर्ट. पुढून एक छाप, मागून दुसरा. पुढे चौकडी असेल तर मागे फुलं. आई उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवायची. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'चिंधी' ठेवलं. तो हाकेला ओ द्यायचा. मला त्याचाच जास्त राग यायचा. वर आणखी एक खोड. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाची कड दोन बोटांत धरायची, चोळायची आणि सांगायचं, "दोन धुण्यांत आटणार हे. बाही वर चढेल." एकदा त्याने अकाउंटच्या सरांच्या बुशशर्टाची कडही धरली होती. सर ओरडले, वर्ग हसला. महिन्याभराने सरांची बाही खरोखर वर चढलेली होती, पण ते मी कुणाला बोललो नाही.

तो माझ्याशी अहिराणीत बोलायचा. मी मुद्दाम गुजरातीत उत्तर द्यायचो. इथे त्याचं बोलणं मी मराठीत सांगतोय. त्याच्या आईचं मात्र जसंच्या तसं सांगेन, कारण ते मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षाला तो नापास झाला, परत बसला, परत नापास झाला आणि कॉलेज सुटलं. मी बी.कॉम. झालो. आमच्या गल्लीतला पहिला. वडिलांनी पेढे वाटले तेव्हा सुभद्राबाईंच्या घरीही दिले. भटू दारात उभा राहून म्हणाला, "काशिनाथ, तू आता साहेब होणार." त्यात टोमणा होता का, हे मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवत राहिलो. माझा स्वभावच तसा. कुणी चांगलं बोललं की मी त्याच्या मागे काय आहे ते शोधतो.

ब्याण्णवमध्ये मला पलसाण्याच्या हायवेवर एका डाईंग मिलच्या गोडाऊनमध्ये कारकुनी मिळाली. मालक छगनभाई. कोरं कापड आत यायचं, रंगून, छापून बाहेर जायचं, आणि किती ताके आले, किती गेले हे माझ्या वहीत. वर्षभराने एका सकाळी फाटकाशी भटू उभा. अंगात तसाच दोन छापांचा शर्ट, शेजारी भाड्याची टेम्पो-रिक्षा.

"काशिनाथ, तुमच्याकडे छपाई बिघडलेलं कापड निघतं ना? काय करतात त्याचं?"

"जाळतात, नाहीतर रद्दीच्या भावाने देतात. तुला काय करायचंय?"

"शेठला विचार ना, मला देतात का."

मी विचारलं, ते मैत्रीपोटी नाही. फाटकाशी उभं राहून तो मला अहिराणीत हाका मारत होता आणि चार माणसं बघत होती, ते थांबावं म्हणून. छगनभाई हो म्हणाले. तेव्हापासून दर आठवड्याला तो येऊ लागला.

आणि तेव्हापासून माझं डोकं चालू झालं. चिंध्या न्यायला आलेल्या माणसाने चिंध्या उचलाव्यात आणि जावं. हा तासन् तास थांबायचा. छपाई मशीनवरच्या कारागिराला विचारायचा, मशीन मध्येच का थांबलं होतं, कुठला रंग आधी चढला, बिघाड किती मीटरवर सुरू झाला. चांगल्या ताक्यांवरूनही हात फिरवायचा. चौकीदार भगवान, परभणीकडचा म्हातारा माणूस, त्याच्यासाठी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायचा. दोघं फाटकाच्या खोलीत बसून खायचे.

"चौकीदाराला कशाला खाऊ घालतोस?" मी एकदा विचारलं.

"एकटा असतो तो. तू कधी बोललास त्याच्याशी?"

मला उत्तर पटलं नाही. चौकीदाराशी दोस्ती कोण करतं आणि कशासाठी करतं, हे मला चांगलं माहीत आहे असं मला वाटायचं.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. प्लेग. एका दिवसात सुरत रिकामं व्हायला लागलं. दवाखाने भरले, औषधाची दुकानं रिकामी झाली, ज्याला जे वाहन मिळेल त्यात तो चढला. मिलमध्ये छगनभाई आणि त्यांचा भाऊ स्वतः उभे राहून घाईघाईने माल हलवत होते. दुपारी कुलूप लागलं आणि सगळे पांगले. मी माझ्या बायकोला, कमलला घेऊन स्टेशन गाठलं आणि दोन दिवसांनी आम्ही गावी पोचलो. तीन आठवडे तिकडेच काढले.

परत आलो तेव्हा गोडाऊनची मोजदाद माझ्याकडे आली. चाळीस ताके कमी. जांभळ्या जमिनीवर पिवळे हातपंखे छापलेला एक नवा छाप होता, त्याचा अख्खा गठ्ठा गायब. कुलूप जसंच्या तसं होतं. तोडलेलं नाही, वाकवलेलं नाही. म्हणजे चावीनेच उघडलं.

भगवान फाटकावर नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, कुलूप लागल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला ताप भरला. भटू त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, आणि म्हाताऱ्याने आपल्याकडची चावी त्याच्याच हातात दिली. म्हातारा वाचला आणि परभणीला निघून गेला. दहा दिवस मिलची चावी भटूकडे होती. छगनभाई परतले तेव्हा त्याने ती त्यांच्या हातात दिली, नमस्कार केला आणि गेला.

चावी भटूकडे होती, एवढं कळल्यावर मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

दिवाळी झाली आणि बातमी आली की भटूने लिंबायतमध्येच गाळा भाड्याने घेतलाय. चार शिलाई मशीन टाकलीत. जो माणूस काल भाड्याच्या टेम्पोत चिंध्या भरत होता, त्याच्याकडे चार मशीन! गल्लीत कुजबुज सुरू झाली. लोक पळाले, घरं बंद होती, हा एकटा मागे राहिला. कुणी म्हणे त्याने कुलपं उघडली. कुणी म्हणे मेलेल्यांच्या घरातली भांडी नेली. आमच्या शेजारच्या प्रमिलाबाईंची पितळी कळशी सापडत नव्हती, तीही भटूच्या नावावर गेली. नंतर ती त्यांच्याच भावाकडे निघाली, पण तोवर कळशीची गोष्ट नवागाम-उधनापर्यंत पोचली होती.

मी एका दुपारी त्या गाळ्यात गेलो. 'सहज आलो' म्हणालो. भटूला आनंद झाला. चहा सांगितला. बायका मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होत्या, आणि त्यांच्या पायांशी जो ढीग होता त्यात जांभळ्या जमिनीवर पिवळे हातपंखे.

मी कापडाकडे बोट दाखवलं.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्याकडूनच. ऑगस्टमधलं. छापा हलला होता तेव्हाचं. बघ ना, पंख्याची दांडी दोनदा उमटलीय." त्याने तुकडा उचलून माझ्यापुढे धरला.

मी त्या तुकड्याकडे बघितलंच नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. उत्तर इतकं पटकन आलं होतं की ते आधीच तयार करून ठेवलेलं असणार, असं माझं मन म्हणालं. चहा न पिता मी निघालो, आणि दुसऱ्या दिवशी छगनभाईंच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. चावी, दोस्ती, चौकशा, पंख्यांचं कापड.

छगनभाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "काशिनाथ, वो तो तुमारा दोस्त है ने?"

"दोस्त नाही, शेठ," मी म्हणालो. "फक्त एका वर्गात होतो."

त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. त्यांना ते करायची गरजही नव्हती. हायवेवरच्या सगळ्या मिलवाल्यांना निरोप गेला आणि आठवड्याभरात भटूला पलसाण्याच्या एकाही फाटकातून आत घेईनात. त्याने आगाऊ ठरवलेला माल अडकला. चारपैकी तीन मशीन परत गेली.

त्या रविवारी सकाळी सुभद्राबाई आमच्या दारात आली. कमल तिला आत बोलावत होती, पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काशिनाथ, तू मना आंडोरना संगे शिकेल शे ना?"

तिच्या मुलाबरोबर मी शिकलो होतोच, मी मान हलवली.

"मंग माले सांग. मना आंडोर चोर शे का?"

गल्ली गोळा झाली होती. मी म्हणालो, "मावशी, चावी त्याच्याकडे होती."

"चावी व्हती," ती म्हणाली. "व्हती ना. त्या म्हाताराले दवाखानामा कोन लई गयं? तू लई गया का? तुम्ही सगळा पळी गयात."

आणि ती निघून गेली. दार लावताना कमल माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही ते कापड नीट पाहिलं होतं ना?" मी हो म्हणालो.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात एक ट्रकवाला मिलमध्ये आला. आपलं राहिलेलं भाडं मागायला. त्याच्याकडे चाळीस ताक्यांची पावती होती, छगनभाईंच्या भावाच्या सहीची. पळापळीच्या त्या सकाळी भावाने पंख्यांचा गठ्ठा बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला रवाना केला होता आणि गोंधळात कुणाला सांगायचं विसरला होता. व्यापाऱ्याने माल विकूनही टाकला होता. छगनभाईंनी पावती बघितली, भावाला दोन शब्द सुनावले आणि मला म्हणाले, "वही सुधार."

मी वही सुधारली. भटूबद्दल कुणीच काही बोललं नाही, मीही बोललो नाही. खरं सांगायचं तर माझा संशय तेव्हाही पुरता गेला नव्हता. ठीक आहे, ताके त्याने नेले नाहीत. मग चार मशीन कुठून आली? दुसरीकडे कुठेतरी हात मारला असणारच. मला ते तसं असायला हवं होतं. नाहीतर मी काय केलं होतं, हे मला बघावं लागलं असतं.

त्यानंतर भटू आमच्या भागात कमी दिसू लागला. पलसाणा बंद झाल्यावर तो शहरातल्या बारक्या छपाईवाल्यांकडून बिघडलेले तुकडे गोळा करायला लागला आणि बारडोलीकडे विकायला जाऊ लागला. तिथे साखर कारखान्याच्या भोवती ऊसतोडीला आलेल्या बायकांचे तळ पडतात. त्यांच्यासाठी स्वस्त परकर, झंपर. तिथे त्याच्या लक्षात आलं की शहरातल्या बायका घरात गाऊन घालायला लागल्यात आणि गावाकडच्या बायकांनाही तो हवाय, पण परवडत नाही. तुकड्यांतून अख्खा गाऊन निघत नाही. भटूने पुढचा भाग एका छापाचा आणि मागचा दुसऱ्या छापाचा शिवला. मात्र आता तो रंग असे जुळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, ही फॅशनच आहे. आमच्या कमलने असा एक गाऊन नंदुरबारच्या बाजारातून आणला. मी विचारलं, कुठला? ती म्हणाली, "सुरतचाच आहे. भटूभाऊंचा." धुळे, नंदुरबार, शहादा, अमळनेर, आठवडी बाजार लागेल तिथे त्याचा माल जाऊ लागला. सत्त्याण्णवपर्यंत त्याच्याकडे साठ मशीन झाली होती. पांढरी मारुती व्हॅन आली. ज्या लोकांनी कळशीची गोष्ट पसरवली होती, त्यांच्याच सुना त्याच्याकडे कामाला लागल्या.

अठ्ठ्याण्णवमध्ये छगनभाई आणि त्यांच्या भावात वाटणी झाली आणि मिल बंद पडली. मी घरी बसलो. दीड महिन्याने भटूचा निरोप आला, भेटायला ये.

दोन दिवस मी गेलो नाही. मला खात्री होती, सगळ्या कामगारांसमोर उभं करून हा माझा पाणउतारा करणार. कमल म्हणाली, "केला तर ऐकून घ्या." मग गेलो.

त्याचं ऑफिस म्हणजे कापडाच्या ढिगात ठेवलेलं एक टेबल. अंगात साधा पांढरा शर्ट. मला बघून उठला, खुर्ची दिली. मी बसलो आणि लगेच विचारलं, "तुला माहीत आहे ना, शेठला कुणी सांगितलं होतं?"

"त्याच दिवशी कळलं होतं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. "माझ्याकडे साठ माणसं आहेत. जे दाखवेन त्याला चांगलं म्हणतात. गेल्या महिन्यात कच्च्या रंगाचा माल बाजारात गेला, एकाने तोंड उघडलं नाही. मला असा माणूस हवाय, जो माझ्या प्रत्येक कापडावर संशय घेईल. तुझ्याइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही."

हे कौतुक होतं की सूड, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी इकडेतिकडे बघितलं. एवढ्या वर्षांचा प्रश्न तोंडात होता, तो विचारून टाकला.

"भटू, ती पहिली चार मशीन कुठून आली?"

त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "प्लेगमध्ये तोंडाला बांधायचे रुमाल शिवले. घरात चिंध्यांचे ढीग होते. आई, मी आणि गल्लीतल्या दोन बायका. स्टेशनवर आणि बसस्टँडवर आईने विकले. तुझ्या बायकोनेही दोन घेतले होते, आई सांगते. गर्दीत तू आईला ओळखलं नाहीस, तिचंही तोंड बांधलेलं होतं."

मला ते रुमाल आठवले. एक हिरवा, एक ठिपक्यांचा. गावी पोचेपर्यंत आम्ही ते सोडले नव्हते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

"आई म्हणाली, सांगू नको. लोक म्हणतील, मरणाच्या भीतीवर कमावलं. आणि त्यात खोटं काय होतं?"

"फुकट किती वाटलेस?" हे विचारताना माझा आवाज चिरका झाला, मला कळलं.

"एकही नाही," भटू म्हणाला. "फुकट दिले असते तर कुणी घेतलेच नसते. मेलेल्या माणसाचे आहेत म्हणाले असते."

मी नोकरी धरली. आलेला प्रत्येक तुकडा उजेडात धरायचा, ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासायचा, शिवण ताणून बघायची. मी बराच माल परत पाठवला. भटूने एकदाही 'असू दे' म्हटलं नाही. बाहेरगावचे व्यापारी यायचे तेव्हा तो माझी ओळख करून द्यायचा, "हे काशिनाथभाऊ, आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो." तो हे सांगायचा तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघायचो. तिथे काही सापडायचं नाही.

त्याची आई मात्र माझ्याशी बोलत नसे. ती रोज दुपारी कारखान्यात यायची, बायकांमध्ये बसून काजं करायची. सगळ्यांना नावाने हाक मारायची, मला नाही. चहाचा ट्रे फिरवताना माझ्या टेबलाजवळून सरळ पुढे जायची. मग कुणीतरी दुसरं माझा कप आणून ठेवायचं. वर्षभर असं चाललं.

नव्याण्णवच्या अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात, कारखान्याला सुट्टी होती. मी कमलला घेऊन भटूच्या घरी गेलो. भटू बाहेर गेला होता. सुभद्राबाई ओट्यावर बसून सांजोऱ्या करत होती. मी चप्पल काढली, तिच्यापुढे खाली बसलो आणि म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. मी कापड बघितलं नव्हतं. न बघता बोललो. मला माफ करा."

तिने हातातली सांजोरी पुरती मुरडली, ताटात ठेवली. मग माझ्याकडे नीट बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

"काशिनाथ," ती म्हणाली, "तू माफी मांगी राहिना का नवकरी सांभाळी राहिना?"

मी तोंड उघडलं. माफीच मागतोय, असं म्हणायचं होतं. पण ती ज्या नजरेने बघत होती ती नजर मला ओळखीची होती. समोरचा बोलला की त्यामागे काय आहे ते शोधणारी. आणि त्या नजरेपुढे मी स्वतःला विचारलं, तर मलाही नक्की सांगता येईना. मिल चालू असती, तर मी इथे आलो असतो का?

"माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

कमलकडे वळून तिने तिला पोळपाट दिला आणि सारणाची वाटी पुढे सरकवली. दोघी करू लागल्या. मी तिथेच बसून राहिलो. उठ असंही कुणी म्हटलं नाही.